धर्माच्या गायीचे दात

‘धर्माची गाय आणि दात का गं नाय?’ ही म्हण आपल्यापैकी बहुतेकींनी आजीच्या नाहीतर सासूबाईंच्या तोंडून ऐकलेली असेल. फुकट मिळालेल्या वस्तूत खोट काढणारीला टोमणा मारायचा, तर ही म्हण हमखास. गाय दानात मिळाली ना, मग तिला दात आहेत की नाहीत ते कशाला बघतेस? घे आणि गप्प बैस! म्हण मजेशीर आहे खरी, पण मला ती नेहमीच खटकते. कारण ज्या गायीला दातच नाहीत ती चारा कशी खाणार आणि दूध कुठून देणार? देणारा पुण्य घेऊन मोकळा होतो आणि घेणाऱ्याच्या दावणीला एक म्हातारं जनावर येऊन पडतं. त्याला सांभाळायचं कुणी? तर घरातल्या बाईनं!

ही म्हण आठवण्याचं कारण म्हणजे संकटाच्या वेळी आपल्याकडे वाहणारा मदतीचा ओघ. पूर आला, भूकंप झाला, वादळ झालं की गावोगाव चौकात मंडप पडतो. शाळेतली मुलं डबे घेऊन फिरतात. महिला मंडळं पोळ्या लाटतात, चटण्या करतात. कपाटं उपसली जातात. कापडी फलक लावून टेम्पो निघतात. हे सगळं फार चांगलं आहे, आणि आपला समाज अशा वेळी मागे राहत नाही याचा मला अभिमानच वाटतो. मग आठ-दहा दिवसांनी वर्तमानपत्रात आकडे येतात. इतकी हजार ब्लँकेट वाटली, इतके टन धान्य वाटलं, इतक्या कुटुंबांना किट दिले. फोटो छापून येतो आणि विषय संपतो.

पण माझ्या मनात प्रश्न येतो तो इथून पुढे. ते ब्लँकेट कुणाच्या अंगावर पडलं? धान्य मिळालं, पण ते शिजवायला भांडं होतं का? ज्या बाईच्या घरी रांगेत उभं राहायला कुणी नव्हतं, तिच्यापर्यंत काही पोचलं का? सहा महिन्यांनी त्या घराची परिस्थिती काय होती? वाटप किती झालं हे आपण मोजतो. उपयोग किती झाला हे मात्र फारसं कुणी विचारत नाही. आणि विचारलंच, तर ते घरातल्या बाईला सहसा विचारलं जात नाही.

मदतकार्यात काम करणाऱ्या मोठ्या संस्थांकडे या विचारण्यासाठी दोन शब्द आहेत, देखरेख आणि मूल्यमापन. ऐकायला सरकारी वाटतात, पण आपल्याला ते नवे नाहीत. लग्नघरात पंगत बसली की यजमानीण एक चक्कर मारते. कुणाच्या पानात भात नाही, कुठल्या कोपऱ्यात वाढपी पोचलाच नाही, वरण संपत आलंय का, हे बघते आणि तिथल्या तिथे सुधारते. ही झाली देखरेख. लग्न पार पडल्यावर दुसऱ्या दिवशी घरातल्या बायका चहा घेत बसतात. जिलबी टोपलंभर उरली, भाजी मात्र शेवटच्या पंगतीला मिळालीच नाही, आणि मुलाकडच्या आजीला कडक पुरी चावता येईना हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही, असं सगळं निघतं. पुढच्या लग्नात काय बदलायचं तेही ठरतं. हे झालं मूल्यमापन. ‘एकूण आठशे पानं उठली’ एवढ्यावर कुठलीही शहाणी यजमानीण समाधान मानत नाही. मग हजारो लोकांच्या आयुष्याचा प्रश्न असतो, तिथे आपण नुसत्या पानांच्या मोजणीवर का थांबतो?

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूरला महापूर आला. मदत अक्षरशः सगळ्या महाराष्ट्रातून आली. दिवाळी झाल्यावर आमच्या महिला मंडळाच्या पाच-सहा जणी तिकडच्या एका गावी गेल्या होत्या, मीही त्यांच्यात होते. द्यायला काही नेलं नव्हतं, नुसतं भेटायला आणि बोलायला गेलो होतो. सुरुवातीला सगळ्या बायका एकच सांगत होत्या, “लई मदत आली ताई, देवमाणसं आली.” चहा झाला, जरा ओळख झाली, मग एकेक बोलायला लागली. एक जण म्हणाली, “चादरी सात आल्यात बघा. घरात माणसं तीन. पण शेगडी गाळात गेली तिचं कुणी विचारलंच न्हाई.” बिस्किटांचे पुडे इतके आले होते की शेवटी ते जनावरांपुढे टाकले. वाटप मोठ्या रस्त्यावर व्हायचं, त्यामुळे ज्या घरात तरुण मुलं होती त्यांनी दोन-दोन, तीन-तीन किट नेले. आतल्या आळीत एकटी राहणारी म्हातारी मात्र शेजारणीनं आणून दिलं तेवढ्यावरच होती. आणि आवाज खाली आणून एकीनं सांगितलं, की शाळेत राहत होतो तेव्हा पाळी आली, घरातलं सगळं कापड पाण्यात, आणि वाटायला आलेली सगळी पुरुषमाणसं. कुणाला सांगणार?

मी विचारलं, हे तेव्हा बोलला का नाही? तर ती पहिली बाई पटकन म्हणाली, “आलेल्या माणसांस्नी नावं ठिवली तर पुन्यांदा कोण येईल का?”

मैत्रिणींनो, सगळी अडचण या एका वाक्यात आहे. घेणाऱ्याच्या मनावर उपकाराचं ओझं असतं. समोरचा माणूस लांबून आला आहे, त्याच्या हातात कॅमेरा आहे, त्यानं विचारलं “मिळालं ना सगळं?” तर कुणीही “मिळालं” असंच म्हणणार. दुकानात साडीचा रंग गेला तर आपण तिथे जाऊन भांडतो, कारण पैसे मोजलेले असतात. मदतीचे पैसे घेणाऱ्यानं मोजलेले नसतात, त्यामुळे त्याला भांडायचा हक्कच नाही असं आपण धरून चालतो. मदतीचा माल वाईट असला, चुकीचा असला, चुकीच्या हातात गेला, तरी देणाऱ्याला ते कळतच नाही. तो पुढच्या पुरातही सात चादरीच घेऊन येतो.

हे काही आपल्या छोट्या गावांपुरतंच नाही. २६ डिसेंबर २००४ ची त्सुनामी आठवा. जगभरातून सुमारे साडेतेरा अब्ज डॉलरची मदत जमली. इतकी मदत क्वचितच कुठल्या संकटात जमली असेल. तामिळनाडूतल्या नागपट्टिणमला जुन्या कपड्यांचे ढीगच्या ढीग रस्त्याच्या कडेला पडून राहिले. फाटके, मळके, तिथल्या हवेला न चालणारे कपडे घ्यायला कोळी कुटुंबं तयार होईनात. आम्ही कष्ट करून खाणारी माणसं आहोत, भिकारी नाही, हीच त्यांची भावना होती. तात्पुरत्या निवाऱ्यासाठी काळ्या डांबरी शीटच्या खोल्या उभ्या केल्या. निवारे किती बांधले हा आकडा उत्तम होता. पण त्या उन्हात त्या खोल्यांत दिवसा बसणं अशक्य होतं. तिथे दिवसभर कोण असणार होतं? चूल आणि मूल सांभाळणारी बाई. बोटी द्यायला तर सगळेच धावले. किनाऱ्यावर मासे विकत घेऊन टोपली डोक्यावर घेऊन दारोदार विकणाऱ्या बाईचंही भांडवल, टोपली, तराजू समुद्रात गेलं होतं. तिच्याकडे लक्ष जायला मात्र उशीर झाला, कारण ‘मच्छीमार’ म्हटल्यावर यादी करणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बोटीवाला पुरुष येतो.

या सगळ्या मदतीचं पुढे एकत्रित मूल्यमापन झालं. चाळीसहून अधिक संस्था त्यात सामील झाल्या आणि २००६ मध्ये अहवाल आला. त्यातली एक तुलना वाचून मी थक्क झाले. त्सुनामीत सापडलेल्या दर माणसामागे ७१०० डॉलरहून अधिक मदत आली होती. त्याच २००४ साली बांगलादेशात पूर आला, तिथे दर माणसामागे खर्च झाले ३ डॉलर! कुठलं संकट टीव्हीवर जास्त दिसलं, यावर मदत ठरली. गरज किती आहे ते मागेच राहिलं. त्या अहवालाचा मुख्य सल्ला काय होता? बाहेरून आलेल्यांनी स्थानिक माणसांना बाजूला सारू नये, त्यांच्या हाती कारभार द्यावा आणि त्यांना उत्तर द्यावं. पहिल्या काही तासांत बहुतेक जीव वाचवले ते शेजाऱ्यापाजाऱ्यांनीच, हेही त्यात नोंदलेलं आहे.

मोजताना बाई आणि पुरुष वेगळे मोजले तर काय दिसतं, तेही याच त्सुनामीनं दाखवलं. ऑक्सफॅम या संस्थेनं २००५ मध्ये एक टिपण काढलं. तामिळनाडूच्या कडलूर जिल्ह्यात १४६ पुरुष दगावले होते आणि ३९१ स्त्रिया. जवळजवळ तिप्पट! लाट आली तेव्हा पुष्कळ पुरुष खोल समुद्रात होते, तिथे लाट कळतही नाही. बायका किनाऱ्यावर मासळीची वाट बघत होत्या, नाहीतर घरात मुलांजवळ होत्या. अनेकींना पोहता येत नव्हतं, अंगावर साडी आणि कडेवर मूल. नुसता ‘मृतांचा एकूण आकडा’ घेऊन बसलं असतं, तर हे कधी कळलंच नसतं. आणि कळलं नसतं, तर मागे उरलेली आईविना मुलं, एकटे बाप, लवकर लग्नं लावून दिल्या जाणाऱ्या मुली यांचा विचार मदतीच्या योजनेत आला नसता. तेव्हा आकडे नकोत असं माझं म्हणणं नाही. आकडे हवेतच, पण ते कुणाचे आहेत हे विचारून घेतलेले हवेत.

मदतीचा असा कडक हिशेब मागण्याची सुरुवात एका भयंकर प्रसंगातून झाली. १९९४ मध्ये आफ्रिकेतल्या रवांडा देशात नरसंहार झाला. त्यानंतर लाखो माणसं शेजारच्या देशातल्या गोमा या गावाजवळ छावण्यांत येऊन पडली. तिथे कॉलऱ्यानं हजारो माणसं गेली. मदतीला संस्था कमी नव्हत्या, उलट खूप होत्या. पण काहींना अनुभव नव्हता, कुणाचा कुणाशी मेळ नव्हता. धान्य वाटायला दिलं ते छावणीतल्या पुढाऱ्यांच्या हातात, आणि त्यांच्यातले कितीतरी जण त्या हत्याकांडातलेच होते. त्यांनी ते स्वतःच्या माणसांना दिलं, विकलं. नवरा गमावलेल्या, एकट्यानं घर ओढणाऱ्या बायकांच्या वाट्याला कमी आलं. १९९६ मध्ये अनेक देशांनी आणि संस्थांनी मिळून या सगळ्याची परखड तपासणी प्रसिद्ध केली. आपल्या चांगल्या हेतूनंच आपल्याला आंधळं केलं, हे देणाऱ्यांना त्या अहवालात वाचावं लागलं.

त्यातून पुढच्याच वर्षी, १९९७ मध्ये, ‘स्फिअर’ नावाचा प्रकल्प सुरू झाला. संकटात सापडलेल्या माणसाला कमीत कमी काय मिळालंच पाहिजे, याची मोजमापं त्यांनी पुस्तकात मांडली. ती मोजमापं आपल्याला अगदी चटकन कळतील अशी आहेत. दर माणसी दिवसाला निदान १५ लिटर पाणी. एका नळामागे जास्तीत जास्त २५० माणसं. पाण्याची जागा राहत्या ठिकाणापासून ५०० मीटरच्या आत, आणि रांगेत अर्ध्या तासापेक्षा जास्त उभं राहायला लागू नये. वीस माणसांमागे एक संडास. झोपायला-बसायला माणशी साडेतीन चौरस मीटर छपराखालची जागा. बायकांसाठी पाळीच्या वेळचं कापड किंवा पॅड आणि ते धुण्या-टाकण्याची सोय. संडासाला आतून कडी आणि रात्री उजेड. पाण्यासाठी रांगा लावलेल्या आणि अंधार पडायची वाट बघत पोट आवळून बसलेल्या आपल्या बायकांना यातल्या एकेका ओळीचं मोल सांगायला नको. मुख्य म्हणजे या पुस्तकात हे सगळं हक्क म्हणून लिहिलं आहे. हक्क म्हटला की त्याबद्दल विचारता येतं.

विचारता आलं नाही तर काय होतं, त्याचं सगळ्यात काळं उदाहरण २००२ मध्ये पुढे आलं. पश्चिम आफ्रिकेतल्या लायबेरिया, गिनी, सिएरा लिओन या देशांतल्या निर्वासित छावण्यांची संयुक्त राष्ट्रांची निर्वासितांसाठीची संस्था आणि ‘सेव्ह द चिल्ड्रन’ यांनी पाहणी केली. धान्याच्या, प्लॅस्टिकच्या कापडाच्या बदल्यात मदतकार्यातलीच काही माणसं मुलींचं लैंगिक शोषण करत होती, असं त्यात आढळलं. कागदावर धान्य वाटल्याची नोंद अगदी चोख असणार. पण त्या मुलीनं ते धान्य कशाच्या बदल्यात घेतलं, हे कुठल्या रकान्यात लिहायचं? तक्रार करायची तर ती वाटणाऱ्याकडेच. म्हणून आता मदतकार्याच्या नियमांत तक्रारीची वेगळी, सुरक्षित सोय असलीच पाहिजे असं सांगितलं जातं. २०१४ मध्ये मदतकार्याची जी सामाईक मानकं ठरली, त्यांतही तक्रार ऐकून तिचं निवारण करणं हे एक वचन आहे. ती सोय आपल्या गावातल्या छोट्याशा वाटपातही हवी. निदान एक बाई तिथे अशी हवी, की जिच्या कानात दुसरी बाई काही सांगू शकेल.

आता कुणी म्हणेल, हे सगळं मोठमोठ्या तज्ज्ञांचं काम, त्यात गावातल्या बायका काय करणार? तर त्याचं उत्तर आपल्याच मराठवाड्यात आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातली गावं झोपेतच गाडली गेली. त्यानंतर जागतिक बँकेचं कर्ज घेऊन महाराष्ट्र सरकारनं पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम हाती घेतला. ५२ गावं नव्या जागी वसवली. नवी गावं शहरातल्या कॉलनीसारखी आखलेली, रुंद रस्ते, सरळ रांगा, प्रत्येकाचं घर सुटं. कागदावर देखणं. पण जुन्या गावात भिंतीला भिंत लागून घर होतं, अंगणात पाच जणी बसून शेंगा निवडत होत्या, तान्हं मूल शेजारणीच्या ओट्यावर ठेवून शेतात जाता येत होतं. नवं गाव इतकं पसरलं की तो शेजार तुटला. संडास बांधून दिले, पाणी नव्हतं, तेव्हा कितीतरी ठिकाणी त्यांत सरपण आणि अडगळ भरली गेली. ‘संडास बांधले’ या रकान्यात मात्र बरोबरची खूण होती!

त्याच कार्यक्रमाचा दुसरा भाग मात्र वेगळा झाला. जी घरं पूर्ण पडली नव्हती, त्यांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण घरमालकांनीच करायचं होतं. सरकार टप्प्याटप्प्यानं पैसे देणार, इंजिनिअर सल्ला देणार. हे लोकांना समजावायचं कुणी, काम नीट होतंय का ते बघायचं कुणी, आणि अडचण वर कळवायची कुणी? प्रेमा गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या पुढाकारानं, पुढे ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कामातून, ही जबाबदारी गावोगावच्या महिला मंडळांनी घेतली. हजाराहून अधिक गावांत ‘संवाद सहायक’ म्हणून बायका उभ्या राहिल्या. ज्यांनी कधी ग्रामपंचायतीची पायरी चढली नव्हती, त्या सिमेंटचं प्रमाण, भिंतीतला जोडदगड, छपराखालचा पट्टा यावर इंजिनिअरशी बोलू लागल्या. कुणाचा हप्ता अडकलाय, कुणाचं नाव यादीतून सुटलंय, हे त्यांना तोंडपाठ असायचं, कारण त्या तिथेच राहत होत्या. २००१ मध्ये कच्छचा भूकंप झाला तेव्हा याच लातूर-उस्मानाबादच्या बायका गुजरातला गेल्या, त्सुनामीनंतर तामिळनाडूला गेल्या आणि तिथल्या बायकांना म्हणाल्या, घर बांधताना शेजारी उभ्या राहा, बघा, विचारा. परदेशातून आलेल्या कुठल्या तज्ज्ञाला हे इतकं सोपं करून सांगता आलं असतं?

राजस्थानातही असंच झालं. दुष्काळी कामांवरच्या मजुरीच्या प्रश्नातून तिथे मजदूर किसान शक्ती संघटन उभं राहिलं. अरुणा रॉय आणि त्यांचे साथी त्यात होते. १९९४ पासून त्यांनी जनसुनावण्या घ्यायला सुरुवात केली. म्हणजे काय, तर गावाच्या मधोमध बसून सरकारी हजेरीपट मोठ्यानं वाचायचा. अमक्याला इतके दिवस मजुरी दिली. लोक लगेच उठून सांगायचे, तो तर कधीच वारला, ती तर कामावर आलीच नव्हती. ‘हमारा पैसा, हमारा हिसाब’ ही त्यांची घोषणा. त्या लढ्याचा मोठा वाटा २००५ च्या माहितीच्या अधिकारात आहे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यातही रेशनव्यवस्थेच्या सामाजिक अंकेक्षणाची तरतूद आहे, म्हणजे धान्य खरंच कुणाला मिळालं याची तपासणी लोकांसमोर व्हावी. ज्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं, त्यांनी नुसतं ऐकून खोटा हिशेब पकडला. आपण तर बचत गटाच्या वह्या लिहिणाऱ्या बायका आहोत!

मात्र एक गोष्ट सांगायलाच हवी. विचारणं म्हणजे फॉर्म भरून घेणं नव्हे. प्रत्येक मोठ्या संकटानंतर एक वेगळाच पूर येतो, तो सर्व्हेवाल्यांचा. आज ही संस्था, उद्या ती, परवा कॉलेजची मुलं. घरात किती माणसं, किती गेली, काय नुकसान झालं, तेच ते प्रश्न. ज्या बाईचं मूल वाहून गेलं तिनं ते पाच वेळा पाच अनोळखी माणसांना सांगायचं, आणि त्या सांगण्याचं पुढे काय झालं हे तिला कधीच कळत नाही. २०१२ मध्ये ‘टाइम टू लिसन’ नावाचं पुस्तक निघालं. वीस देशांतल्या, मदत घेतलेल्या सुमारे सहा हजार माणसांशी बोलून ते लिहिलं आहे. त्या माणसांचं गाऱ्हाणं मदत कमी पडल्याचं फारसं नव्हतं. घाई फार असते, ठरतं सगळं दुसरीकडे, आणि आमचं ऐकायला कुणी बसत नाही, असं ती सांगत होती. तेव्हा विचारायचं असेल तर बसायला वेळ हवा, आणि जे कळलं ते त्याच बाईला परत येऊन सांगायची तयारी हवी. नाहीतर तो सर्व्हे तिच्या दुःखावर स्वतःचं काम साधून जातो.

कुणी असंही म्हणेल, की इतकी चौकशी करायला लागलात तर देणाऱ्याचा हात आखडेल. मला तसं वाटत नाही. आपल्या घामाचे पाचशे रुपये खरंच कुणाच्या कामी आले हे कळलं, तर पुढच्या वेळी माणूस सातशे देईल. हात आखडतो तो संशयानं. ‘काय माहीत कुणाच्या खिशात जातात’ म्हणून पेटीकडे पाठ फिरवणारे आपल्या घरातही असतात. त्यांना उत्तर द्यायचं तर हिशेबाचा कागद लागतोच, आणि त्या कागदावर मदत घेणारीचा शब्दही लागतो.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. आपलं महिला मंडळ, बचत गट, भिशीचा ग्रुप, शाळेचा पालक संघ, जे कुणी पुढच्या वेळी मदत पाठवेल, त्यांनी तीन कामं करावीत. पहिलं, टेम्पो भरण्याआधी तिथल्या एखाद्या बाईला फोन करावा. सरपंचांना, पुढाऱ्यांना विचाराच, पण अंगणवाडी सेविका, आशा ताई, बचत गटाची अध्यक्षा यांपैकी कुणाशी तरी बोलल्याशिवाय यादी करू नये. दुसरं, वाटप करणाऱ्यांत निम्म्या तरी बायका असाव्यात, आणि रस्त्यावर टेम्पो उभा करून वाटण्याऐवजी गावातल्या दोघी-तिघींना घेऊन आळीआळीत जावं. एकट्या, म्हाताऱ्या, अपंग, गावकुसाबाहेरच्या वस्तीतल्या बायका कुठे राहतात ते त्यांनाच ठाऊक असतं. आणि तिसरं, तीन महिन्यांनी पुन्हा तिथे जावं, रिकाम्या हातानं. जमलेल्या पैशांतून या जाण्या-येण्याचं भाडं आधीच बाजूला काढून ठेवावं, त्यात गैर काही नाही.

तिथे गेल्यावर विचारायला फार विद्वत्ता लागत नाही. काय उपयोगी पडलं? काय पडून राहिलं? काय हवं होतं आणि आलं नाही? कुणाला मिळालंच नाही? मिळवताना कुणाचं ऐकून घ्यावं लागलं का, कुणी काही मागितलं का? हे प्रश्न शक्यतो घरात, बायका-बायकांनी, कॅमेरा बाहेर ठेवून विचारावेत. आणि उत्तरं वहीत लिहून मंडळाच्या पुढच्या बैठकीत मोठ्यानं वाचावीत. मग ती आपल्याला ऐकायला बरी वाटोत की न वाटोत.

आणि ज्यांच्यावर कधी मदत घ्यायची वेळ आली असेल किंवा येईल, त्यांनाही सांगणं आहे. नदीकाठच्या गावात राहणाऱ्या आपल्यापैकी कुणावर ती कधी येईल सांगता येत नाही. तेव्हा घेताना मान खाली घालू नका. जे आलं त्याबद्दल आभार मानावेत, तो आपला संस्कारच आहे. पण आभार मानून झाल्यावर, शेगडी हवी होती हेही सांगावं. आतल्या आळीतली म्हातारी राहून गेली हेही सांगावं. त्यात कृतघ्नपणा नाही. तुम्ही सांगितलंत, तर पुढच्या पुरात कुठल्या तरी दुसऱ्या गावातल्या बाईला सातवी चादर मिळायच्या ऐवजी शेगडी मिळेल.